स्वतःच्या विरुद्ध दिलेली साक्ष

बांधाच्या भांडणात साक्षीला उभा राहणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी बाजूचा असतो. भाऊबंद असतो, शेजारी असतो, नाहीतर कोणाच्या उपकारात असतो. पण ज्या साक्षीने आपलेच नुकसान होणार आहे, समोरच्याचा फायदा होणार आहे, तीही खरी द्यायची, असे करणारा माणूस गावात एखादाच निघतो. त्याचे नाव मग पिढ्यान्‌पिढ्या निघते.

आज सांगायची आहे ती अशाच एका साक्षीची हकिगत. ती घडली आपल्यापासून फार दूर, पोर्तुगाल देशातील पोर्तो या शहरात, १९५८ साली. ज्याने साक्ष दिली तो मोटारींच्या शर्यतीतला चालक होता. ज्याच्यासाठी दिली तो त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी होता. आणि त्या साक्षीची किंमत होती जगज्जेतेपद.

मृत्यूशी खेळ

हकिगत समजायची तर आधी त्या काळच्या शर्यती कशा होत्या ते थोडे पाहिले पाहिजे. १९५० सालापासून मोटार-चालकांसाठी जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू झाल्या. वर्षभरात निरनिराळ्या देशांत शर्यती होत. पहिल्या येणाऱ्याला ८ गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, चौथ्याला ३, पाचव्याला २. शिवाय ज्याची एखादी फेरी सर्वांत वेगवान ठरेल त्याला १ गुण जास्त. वर्षाअखेर ज्याचे गुण अधिक तो जगज्जेता.

गाड्या लांबट, एकट्या माणसाच्या, चाके उघडी. वेग मोठा, पण चालकाला सीटशी बांधणारा पट्टा नसे. अंगात साधा सदरा, भोवती पेट्रोलची टाकी. पुष्कळ ठिकाणी शर्यत नेहमीच्या रस्त्यावरच होई. कडेला झाडे, खांब, घराच्या भिंती. धोक्याच्या वळणावर गवताच्या पेंढ्या रचून ठेवीत, तेवढेच काय ते संरक्षण. भरधाव जाताना एका गाडीचे चाक दुसरीच्या चाकाला लागले तर गाडी हवेत उडे.

म्हणजे प्रत्येक चालकाचा जीव शेजारून धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात असे. आपण त्याला मुद्दाम घासले तर तो मरेल, आणि उद्या त्याने आपल्याला घासले तर आपण मरू, हे सर्वांना पक्के ठाऊक होते. त्यामुळे जिंकायची ईर्षा कितीही असली तरी काही गोष्टी करायच्या नाहीत, असा एक अलिखित कायदा या मंडळींत होता.

पोरसवदा चालकाने दिलेली गाडी

या कायद्याच्याही पलीकडे जाणारी एक गोष्ट १९५६ साली इटलीत मोंझा येथे घडली.

हुआन मान्युएल फांजिओ हा त्या वेळचा सर्वांत थोर चालक. अर्जेंटिनात बाल्कार्से म्हणून बटाट्याच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेला भाग आहे, तिथला हा गरीब घरचा मुलगा. लहानपणीच गॅरेजात काम करायला लागला आणि हातापायाला तेल लावूनच मोठा झाला. १९५६ साली तो पंचेचाळीस वर्षांचा होता. तीन वेळा जगज्जेता झालेला होता आणि फेरारी कंपनीच्या गाडीतून धावत होता. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीत पीटर कॉलिन्स नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज तरुण होता.

मोंझाची शर्यत त्या वर्षातली शेवटची. फांजिओचे गुण होते ३०, कॉलिन्सचे २२. कॉलिन्सने ही शर्यत जिंकली असती, सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच ठरली असती आणि फांजिओच्या पदरात काही पडले नसते, तर ३१ गुण घेऊन तो जगज्जेता झाला असता. तोवर एकाही इंग्रजाला तो मान मिळालेला नव्हता.

शर्यतीत फांजिओच्या गाडीच्या स्टीअरिंगचा दांडा मोडला. तो कडेला येऊन उभा राहिला. एका संघाच्या चालकाने दुसऱ्याला आपली गाडी द्यावी आणि मिळालेले गुण दोघांत वाटून घ्यावेत, अशी तेव्हा मुभा होती. संघातला लुइजी मुस्सो टायर पाहण्यासाठी आत आला, पण गाडीतून उतरायला त्याने नकार दिला. त्याला दोष तरी कसा द्यावा? इटलीची शर्यत, घरचे लोक पाहताहेत, आणि गाडी पुढे आहे. त्याचा तो हक्कच होता.

थोड्या वेळाने कॉलिन्स आत आला. फांजिओ उभा आहे हे त्याने पाहिले आणि गाडीतून उतरून त्याने ती फांजिओच्या स्वाधीन केली. फांजिओ त्या गाडीतून दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. पुढे मुस्सोची गाडी शेवटच्या काही फेऱ्यांत बिघडून थांबली. म्हणजे कॉलिन्सला संधी खरोखर होती. आपण तरुण आहोत, आपल्याला पुढे पुष्कळ वर्षे आहेत, असा त्याचा विचार होता.

ती वर्षे त्याला मिळाली नाहीत. ३ ऑगस्ट १९५८ रोजी जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत त्याची गाडी रस्ता सोडून उलटली आणि तो गेला.

पोर्तोची शर्यत

आता मूळ हकिगतीकडे येऊ. १९५८ साली जगज्जेतेपदासाठी दोन इंग्रजांत चुरस लागली होती. एक स्टर्लिंग मॉस, दाताच्या डॉक्टरचा मुलगा, इंग्लंडातच बनलेल्या व्हॅनवॉल गाडीचा चालक. दुसरा माइक हॉथॉर्न, गॅरेजवाल्याचा मुलगा, इटलीच्या फेरारीचा चालक. हॉथॉर्न उंचापुरा, पिंगट केसांचा, शर्यतीतही गळ्याला बो बांधून बसणारा.

हॉथॉर्नचा जिवलग मित्र म्हणजे वर सांगितलेला पीटर कॉलिन्स. जर्मनीत कॉलिन्सची गाडी उलटली तेव्हा हॉथॉर्न त्याच्या अगदी मागेच होता. त्याच्या डोळ्यांदेखत ते घडले. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, २४ ऑगस्टला, पोर्तोची शर्यत झाली.

रस्ता शहरातलाच. कुठे दगडी फरसबंदी, कुठे ट्रामचे रूळ. मॉस पहिला होता, हॉथॉर्न दुसरा, पण बराच मागे. इतका मागे, की मॉस त्याला गाठून एक पूर्ण फेरी पुढे जाणार अशी वेळ आली. मॉसने गाडीचा वेग कमी केला आणि हॉथॉर्नला पुढे राहू दिले. त्यामुळे हॉथॉर्नला आपली शेवटची फेरी पुरी करण्याची संधी मिळाली.

त्या शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची गाडी रस्ता सोडून बाहेर गेली आणि इंजिन बंद पडले. खाली उतरून तो एकटा गाडी ढकलू लागला. चढावर काही ती हलेना, म्हणून त्याने तिचे तोंड उताराकडे केले. इंजिन सुरू झाले, आणि त्याने दुसरा क्रमांक राखला.

पण शर्यत संपल्यावर पंचांसमोर तक्रार आली. हॉथॉर्नने शर्यतीच्या उलट दिशेने गाडी नेली, हा नियमाचा भंग आहे, त्याला बाद करा! दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि वेगवान फेरीचा १, असे ७ गुण जाण्याची वेळ आली.

तेव्हा साक्षीला उभा राहिला मॉस. त्याने तो प्रकार स्वतः पाहिला होता. त्याने पंचांना सांगितले, की गाडी उलटी फिरली होती हे खरे, पण ती रस्त्यावर नव्हती, कडेच्या पदपथावर होती, म्हणून नियम मोडला गेलेला नाही. पंचांनी ते मान्य केले. हॉथॉर्नचे ७ गुण कायम राहिले.

मॉस गप्प बसला असता तर? कोणी त्याला बोलावले नव्हते. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती, नुसते घरी निघून जायचे होते.

एका गुणाचा हिशेब

१९ ऑक्टोबरला मोरोक्कोत शेवटची शर्यत झाली. मॉस पहिला आला, वेगवान फेरीही त्याचीच. त्याला आणखी काही करण्यासारखे उरले नव्हते. पण हॉथॉर्न दुसरा आला आणि वर्षाचा हिशेब झाला, हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एकच. तरी हॉथॉर्न इंग्लंडचा पहिला जगज्जेता ठरला.

वाचकांनी थोडी बेरीज-वजाबाकी करून पाहावी. त्या वर्षी प्रत्येकाच्या सर्वांत चांगल्या सहा शर्यतींचेच गुण धरायचे होते. पोर्तोचे ७ गुण गेले असते तर हॉथॉर्नला त्यांच्या जागी वर्षाच्या सुरुवातीच्या अर्जेंटिनातल्या शर्यतीचे ४ गुण धरता आले असते. बेरीज झाली असती ३९. म्हणजे ४१ गुणांचा मॉस जगज्जेता झाला असता. एका खऱ्या साक्षीने त्याचे पद गेले.

आणि ते पुन्हा कधीच मिळाले नाही. १९५५ ते १९५८ अशी सलग चार वर्षे मॉस दुसरा आला. पुढे १९६२ साली मोठा अपघात होऊन त्याची अव्वल दर्जाची कारकीर्द संपली. जागतिक अजिंक्यपदाच्या १६ शर्यती जिंकूनही तो एकदाही जगज्जेता झाला नाही. १२ एप्रिल २०२० रोजी, नव्वदाव्या वर्षी तो वारला.

हॉथॉर्न जगज्जेता झाल्यावर लगेच निवृत्त झाला. मित्र गेल्यावर त्याचे मन या खेळातून उडाले होते. पण २२ जानेवारी १९५९ रोजी इंग्लंडातल्या साध्या रस्त्यावर गाडी चालवताना तो अपघातात ठार झाला. वय अवघे एकोणतीस.

या हॉथॉर्नचीही एक आठवण सांगितली पाहिजे. त्याच १९५८ सालच्या जुलैत फ्रान्समध्ये रेंस येथे फांजिओ आपली अखेरची शर्यत धावत होता. पहिला असलेला हॉथॉर्न त्याला एक फेरी मागे टाकण्याच्या बेतात आला. पण एवढ्या थोर माणसाला मागे टाकणे त्याला बरे वाटले नाही. त्याने ब्रेक दाबला आणि फांजिओला पुढे राहून शर्यत संपवू दिली. सात आठवड्यांनी पोर्तोत मॉसने हॉथॉर्नसाठी जवळपास तेच केले.

दुसरी बाजूही आहे

या खेळातले सारेच असे साधुसंत, असे मात्र समजू नये. पुढे गाड्या अधिक मजबूत झाल्या, पट्टे आले, आगीत न जळणारे कपडे आले. धडक बसली तरी माणूस बहुधा वाचू लागला, आणि काहींना मुद्दाम धडक देण्याचा मोह होऊ लागला. १९९० साली जपानमध्ये सुझुका येथे ब्राझीलचा आयर्टन सेन्ना पहिल्याच वळणावर फ्रान्सच्या अलेन प्रोस्टच्या गाडीवर आदळला. दोघेही बाद झाले आणि सेन्ना जगज्जेता ठरला. आपण ते जाणूनबुजून केले, हे त्यानेच वर्षभराने कबूल केले. १९९७ साली स्पेनमध्ये मायकेल शूमाकरने जाक व्हिल्नव्हच्या गाडीला धडक दिली. त्याची स्वतःचीच गाडी अडकली, आणि शिक्षा म्हणून वर्षाच्या क्रमवारीतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले.

पण माणूस एकाच रंगाचा नसतो. याच सेन्नाने १९९२ साली बेल्जियममध्ये सरावाच्या वेळी काय केले पाहा. एरिक कोमास नावाच्या चालकाची गाडी आपटून रस्त्यात पडली होती. कोमास बेशुद्ध, इंजिन चालूच. मागून भरधाव गाड्या येत असताना सेन्ना आपली गाडी थांबवून धावत गेला, त्याने इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत कोमासचे डोके हाताने धरून ठेवले. १९९४ साली सेन्ना स्वतः शर्यतीत मरण पावला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत त्याचा जुना वैरी प्रोस्टही होता.

आणखी एक नाव सांगून थांबतो. १९७३ साली हॉलंडमध्ये रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. तो खाली अडकला. डेव्हिड पर्ली या चालकाने शर्यत सोडली, धावत जाऊन एकट्याने जळती गाडी उलटवायचा प्रयत्न केला. जवळच्या कामगारांकडे आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते. बाकीच्या चालकांना वाटले, गाडी पर्लीचीच आहे आणि तो सुखरूप बाहेर आला आहे, म्हणून ते थांबले नाहीत. विल्यमसन वाचला नाही. पर्लीला पुढे ब्रिटिश सरकारने शौर्यपदक दिले. त्याच्या नावावर एकही मोठा विजय नाही, पण त्या खेळातली जुनी माणसे त्याचे नाव आदराने घेतात.

मॉसला पुढे अनेकांनी विचारले, की त्या साक्षीचा पश्चात्ताप होतो का. नाही, हेच त्याचे उत्तर असे. जे पाहिले ते सांगितले, एवढेच त्याचे म्हणणे.

आपल्याकडे कुस्तीच्या फडात, शाळेच्या कबड्डीच्या मैदानात, पोरांची भांडणे होतातच. तू बाद, मी बाद नाही, असा गलका होतो. अशा वेळी आपला मुलगा पुढे होऊन म्हणाला, “नाही, त्याचा पाय रेषेच्या आतच होता, मी पाहिला,” तर आपला संघ हरला म्हणून त्याला घरी आल्यावर रागावू नका. त्याला जवळ बसवा आणि ही पोर्तोची हकिगत सांगा.