आकाशातून भूजलाचं वजन

पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या जमिनीखालचं पाणी किती घटलं, हे सांगितलं सुमारे 500 किलोमीटर उंचीवरच्या दोन उपग्रहांनी. तेही पाणी न पाहता!

मार्च 2002मध्ये अमेरिका आणि जर्मनीने सोडलेली ही ‘ग्रेस’ जोडी एकमेकांपासून साधारण 220 किलोमीटर अंतर ठेवून फिरे. खाली वस्तुमान जास्त असलं, की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि अंतर किंचित वाढे. केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म असा हा फरक सूक्ष्मलहरींनी मोजला जाई. महिन्यागणिक गुरुत्वाकर्षण बदलतं ते मुख्यतः पाण्याच्या हालचालीमुळे. त्यातून मातीतला ओलावा, तलाव, बर्फ यांचा वाटा वजा केला, की उरतं भूजल.

शास्त्रज्ञ मॅट रोडेल आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये मांडलेला हिशेब हादरवणारा होता. ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात या पट्ट्यातून 109 घन किलोमीटर भूजल नाहीसं झालं. म्हणजे कोयनेसारखी 35हून अधिक भरलेली धरणं! पाऊस मात्र जवळपास सरासरीइतका होता. मग कारण उरतं उपसा, मुख्यतः शेतीसाठीचा.

या नजरेलाही मर्यादा आहे. तिला शेकडो किलोमीटरचा प्रदेश दिसतो, एखादा तालुका नाही. 2018पासून हे काम ‘ग्रेस फॉलो-ऑन’ करते आहे. गावच्या विहिरीची पातळी मात्र गावानेच नियमित मोजायला हवी.