वाघासारखे, पण वाघ नव्हेत

बसा निवांत, ही गोष्ट चार कोटी वर्षांमागची आहे, तेव्हा घाई करून भागायचं नाही. निम्राविड नावाची जनावरं तेव्हापासून उत्तर अमेरिका, युरोप अन् आशियातल्या रानांत शिकार करत हिंडत होती, आणि त्यांतलं एखादं आज समोर उभं राहिलं, तर भलाभला जाणता गडीसुद्धा ‘वाघ रे वाघ’ म्हणून झाडावर चढेल. तसाच आखूड जबडा, तशीच आत ओढून घेता येणारी नखं, वर हे लांबलचक सुळे. होप्लोफोनियस म्हणून त्यांच्यातला एक, अंगानं बिबट्याएवढा, त्याच्या खालच्या जबड्याचं हाड पुढे दोन्ही बाजूंनी असं खाली उतरलेलं, की तोंड मिटलं म्हणजे तलवार म्यानात बसावी तसे सुळे त्याला लागून बसत.

अमेरिकेत साउथ डकोटाच्या बॅडलँड्समध्ये, जिथे पावसानं माती झिजून जुनी हाडं वर येतात, तिथे २०१० साली सात वर्षांच्या एका पोरीला अशीच एक कवटी दिसली, आणि शहाणी पोर, तिनं ती उचलली नाही, जाऊन रखवालदारांना सांगितलं. पुढे तपासणीत त्या कवटीवर दुसऱ्या निम्राविडाच्याच दातांचे घाव निघाले. म्हणजे भाऊबंदकी तेव्हाही होतीच!

आता खरी मौज ऐका. ही मांजरकुळातली नव्हेत, हे सुळ्यांवरून कळत नाही, कानावरून कळतं. कवटीच्या तळाशी मधल्या कानाभोवती एक फुगीर पोकळ हाड असतं. आपल्या मनीपासून वाघापर्यंत साऱ्यांच्या त्या पोकळीत हाडाची पातळ भिंत असते, निम्राविडांत तशी भिंत नाही. जीवाश्मांचे अभ्यासक एडवर्ड कोप यांनी १८८० मध्ये त्यांचं कुळच वेगळं मांडलं.

पुढे ही मंडळी संपली, आणि उत्तर अमेरिकेत साठ-सत्तर लाख वर्षं मांजरासारखं जनावरच उरलं नाही. मग आशियातून खरी मांजरं आली, आणि त्यांच्या वंशात स्मायलोडॉनला पुन्हा तसेच सुळे फुटले. तिकडे दक्षिण अमेरिकेत, पिशवीवाल्या प्राण्यांच्या गोतातल्या थायलॅकोस्मायलसलाही फुटले, आणि या तिघांचं एकमेकांशी जवळचं नातं काही नाही. मोठी शिकार झटपट मारायची गरज पडली, की निसर्ग तेच हत्यार नव्यानं घडवतो. म्हणून कुळ विचारायचं झालं, तर दातांना विचारू नये, कानाला विचारावं.