वेशीवरचा ‘तंटामुक्त गाव’ हा फलक काय सांगतो?

मूळ गावी जत्रेला किंवा लग्नकार्याला गेल्यावर वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ असा फलक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. हैदराबादेत दोन-तीन पिढ्या काढूनही आपल्या मंडळातील पुष्कळ घरांची शेती अजून नांदेड, लातूर, धाराशिवकडे आहे, आणि शेती आली की भाऊबंदकीही आली. ‘आमचा बांधाचा वाद ती समिती मिटवील का?’ असे सभासद आम्हांला विचारतात. म्हणून हा लेख.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. कल्पना तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवले होते. गावागावांत चढाओढ लावायची, बाहेरच्या समितीकडून गुण द्यायचे आणि चांगल्या गावाला रोख बक्षीस द्यायचे, हीच रीत त्यांनी भांडणतंट्यांना लावली. बक्षीस लोकसंख्येनुसार १ लाखापासून १० लाख रुपयांपर्यंत. एरवी शांततेवरचा सरकारी खर्च म्हणजे बंदोबस्त आणि पोलिसांच्या गाड्या. इथे पैसा थेट गावाकडे आला, हे यातले वेगळेपण.

समिती ग्रामसभेत निवडली जाते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीटचा पोलीस अंमलदार, शिक्षक, महिला असे सगळे एका सतरंजीवर बसतात. ज्या बांधासाठी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा पडतात, तो बांध तलाठ्यासह चार माणसे जागेवर जाऊन पाहतात. निम्मे भांडण तिथेच निवळते. काही समित्यांनी घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांची लग्नेही लावून दिली. ती बातमी आपणही वाचली असेल.

मात्र समिती म्हणजे न्यायालय नव्हे. दिवाणी आणि महसुली वादांत तडजोड होते ती दोन्ही पक्ष राजी असले तरच. फौजदारीत कायद्याने तडजोडीची मुभा दिलेलेच गुन्हे मिटवता येतात. खून, बलात्कार यांची तडजोड गावाने करायची नसते.

आमच्या मते खरी अडचण बक्षिसातच आहे. तक्रारी कमी दिसल्या की गुण वाढणार असतील, तर मार खाल्लेल्या सुनेला ‘गावाचे नाव जाईल, पोलिसांत जाऊ नकोस’ असे सांगणारे कोणीतरी निघणारच. शिवाय बक्षीस एकदा मिळाले, फलक लागला, की समितीच्या बैठका मंदावतात. पैशाने सुरुवात होते. पुढचे रोजचे काम पैशाने होत नाही.

याच राज्यातले भिवंडीचे उदाहरण यासाठी आठवते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस नेमाने एकत्र बसत, किरकोळ कुरबुरीसुद्धा तिथे बोलल्या जात. बक्षीस नव्हते. १९९२-९३ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आता आपल्यापुरते. गावच्या समितीकडे वाद न्यायचा असेल तर सातबारा, फेरफार आणि जुनी वाटणीपत्रे घेऊन स्वतः जा. चुलत्याला फोन करून भागत नाही. तडजोड लेखी घ्या, तीवर सर्व वारसांच्या सह्या घ्या. लग्न होऊन इकडे आलेल्या बहिणींच्याही. त्या हमखास विसरल्या जातात. आणि कोर्टात दावा चालू असेल तर समितीच्या कागदावर विसंबू नका. तीच तडजोड लोकअदालतीपुढे ठेवा. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. समितीचा कागद घरात ठेवून निर्धास्त राहिलेली आणि पुढच्या पिढीत पुन्हा कोर्टात उभी राहिलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.