तिसऱ्यांचा कायदा
तेरेखोलच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतले जीव, मिळतात. त्या खाव्यात की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मुसलमान घरात मझहबवर, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरेवर अवलंबून असते. इथून उत्तरेला सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. घाटावरचे बहुतेक हनफी. हनफी मतात जलचरांपैकी मासाच हलाल, त्यामुळे तिसऱ्या आणि माकूल (स्क्विड) बाद. शाफई मत याबाबतीत बरेच सैल आहे. समुद्राचे पाणी शुद्ध आणि त्यातले मेलेलेही हलाल, अशा आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, त्याच्या मुळाशी आहे. पैगंबरांचे साथी, म्हणजे सहाबी, अबू हुरैरा यांनी ती सांगितली आणि मदिनेच्या इमाम मालिक यांनी आपल्या ‘मुवत्ता’ ग्रंथात नोंदवली.

शाफई परंपरा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते इमाम शाफई (इ.स. ७६७–८२०) हे या मालिकांचे शिष्य. हदीस ऐकली एवढ्यावर न थांबता ती कोणी कोणाकडून ऐकली, ही साखळी ते तपासत. तिला इस्नाद म्हणतात. मालिक–नाफी–सहाबी अब्दुल्ला इब्न उमर ही साखळी तर सोन्याची मानली जाते. बऱ्याच अंशी स्मरणावर विसंबलेल्या काळात माणसागणिक केलेली ही छाननी मला थक्क करते.

अरबी समुद्रावरच्या व्यापाराबरोबर शाफई परंपरा कोकणात रुजली. माहीमचे मखदूम अली माहिमी (निधन १४३१) हे तिचे थोर विद्वान. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले.