बोटांना सोसेल असा कळफलक

विळ्याची मूठ हाताला बोचू लागली, तर शेतकरी ती काढून दुसरी बसवून घेतो. नांगराचे रुमणे उंच वाटले, तर सुताराकडून ते बेताचे करून घेतो. अवजार हाताच्या मापाचे असावे, ही गोष्ट खेड्यापाड्यांत कोणी कोणाला मुद्दाम शिकवीत नाही. ती सर्वांना ठाऊकच असते. कचेरीत मात्र नेमके उलट घडताना दिसते. ज्या अवजारावर दिवसाचे सहा-सात तास बोटे चालवावयाची, तो संगणकाचा कळफलक जसा मिळाला तसा मेजावर ठेवला जातो. आणि मनगट दुखू लागले की दोष वयाला अथवा नशिबाला दिला जातो.

ग्रामपंचायतीतील दाखले, शाळेतील निकालपत्रके, मामलेदार कचेरीतील आदेश ही सारी कामे आता कळफलकावरच होतात. त्यामुळे कळफलकाची घडण हा केवळ संगणक-तज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही. ज्याची उपजीविका बोटांवर अवलंबून आहे, अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

यंत्राची अडचण, हाताला सवय

अमेरिकेतील मिलवॉकी या शहरी ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांनी १८६८ साली टंकलेखन यंत्राचे पेटंट मिळविले. १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येक कळीखाली एक लांब दांडी असे. या दांड्या एकमेकींवर न आपटता मागे जाव्यात, म्हणून कळांच्या ओळी सरळ एकाखाली एक न ठेवता किंचित बाजूला सरकवून बसविण्यात आल्या. ही तडजोड यंत्राच्या सोयीसाठी होती. आजच्या कळफलकात दांड्या उरलेल्या नाहीत. ओळींचा तिरकेपणा मात्र कायम आहे. यंत्राची अडचण संपली, पण हाताला लावलेली सवय दीडशे वर्षे टिकून राहिली.

जुन्या यंत्राबरोबर काही चांगल्या गोष्टीही होत्या, त्या मात्र टिकल्या नाहीत. टंकलेखनाचे मेज लिहिण्याच्या मेजापेक्षा मुद्दाम ठेंगणे केलेले असे. ओळ संपत आली की घंटी वाजे आणि डावा हात उचलून कॅरेज मागे सारावी लागे. कागद बदलताना दोन्ही हातांना क्षणभर उसंत मिळे. संगणक आला आणि तो लिहिण्याच्या उंच मेजावर जाऊन बसला. ओळ आपोआप बदलू लागली, कागद नाहीसा झाला, आणि त्याबरोबर हातांची ती लहान लहान विश्रांतीही गेली.

मनगटावर पडणारा ताण

खुर्चीवर बसून दोन्ही हात मांडीवर सैल सोडले, तर तळवे पुरते पालथे पडत नाहीत. अंगठ्याची बाजू किंचित वर राहते आणि मनगट सरळ असते. ही हाताची स्वाभाविक स्थिती होय. सपाट आणि सलग कळफलकावर हीच स्थिती तीन प्रकारे मोडते. हात छातीसमोर एकत्र आणावे लागत असल्यामुळे मनगटे करंगळीच्या दिशेने बाहेर वाकतात. कळफलकाची मागची बाजू उंच असल्यास पंजा वर उचलला जातो. शिवाय तळवे पूर्ण पालथे ठेवावे लागल्याने कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग पिळला जातो.

मनगटात हाडे व स्नायुबंध यांनी बनलेला एक अरुंद बोगदा असतो. बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मुख्य मज्जातंतू त्यातून जातात. मनगट वाकलेले असताना या बोगद्यातील दाब वाढतो. त्या मज्जातंतूवर दीर्घकाळ दाब राहिल्यास अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात आणि बधिरता जाणवते. रात्री हा त्रास अधिक होतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ टंकलेखनाने हा विकार जडतोच, असे सिद्ध झालेले नाही. जोर लावून करावयाची कामे व हादरे देणारी अवजारे यांच्याशी त्याचा संबंध अधिक ठळक आहे. मधुमेह, थायरॉईडचे विकार व गर्भावस्था हीदेखील त्याची कारणे असतात. तथापि वाकलेल्या मनगटाने तासन्‌तास काम केल्यास हात, खांदा व मान अवघडतात, हा अनुभव मात्र कोणत्याही कचेरीत ऐकावयास मिळतो.

दोन भागांचा कळफलक

यावरील एक उपाय तसा जुनाच आहे. १९२६ साली जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी टंकलेखन यंत्राच्या कळा डाव्या आणि उजव्या अशा दोन गटांत विभागून प्रत्येक गट त्या त्या हाताच्या दिशेने वळवावा, अशी सूचना केली होती. १९७२ साली क्रोमर यांनी या विचाराचा शास्त्रीय पाठपुरावा केला. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीचा मधोमध दुभंगलेला कळफलक बाजारात आला आणि ही कल्पना सामान्य कचेऱ्यांपर्यंत पोहोचली. आज दोन्ही भाग पूर्णपणे सुटे असलेले कळफलकही मिळतात. ते खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवता येतात, आणि अंगठ्याकडील बाजू उचलून छपराच्या उतारासारखे तिरपेही करता येतात.

अशा कळफलकाने मनगट खरोखरच सरळ राहते काय? ज्या मिलवॉकी शहरात टंकलेखन यंत्राचा जन्म झाला, त्याच शहरातील मार्क्वेट विद्यापीठाचे मार्कलिन व सिमोनो यांनी ९० अनुभवी कर्मचाऱ्यांच्या हातांची मोजमापे घेऊन हा प्रश्न तपासला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सलग कळफलकावर मनगट सुमारे १२ अंश बाहेर वाकते. विभागलेल्या कळफलकावर ते सरळ स्थितीच्या ५ अंशांच्या आत येते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, हात दुखत असलेल्या ८० व्यक्तींना चार प्रकारचे कळफलक सहा महिने वापरावयास दिले गेले. त्यांपैकी एकाच विभक्त घडणीने वेदना स्पष्टपणे कमी केल्या, आणि तो लाभ सहा महिन्यांच्या अखेरीस दिसून आला. तात्पर्य, घडण बदलल्याने मनगटाची स्थिती निश्चित सुधारते. दुखणे मात्र प्रत्येकाचे आणि लगेच थांबेल, अशी हमी कोणी देऊ नये.

'यांत्रिक' म्हणजे काय?

बाजारात 'मेकॅनिकल' असा शब्द ऐकू येतो. यांत्रिक कळफलक म्हणजे हाताला अनुकूल कळफलक, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली कळीच्या रचनेशी, तर दुसरी संपूर्ण कळफलकाच्या आकाराशी संबंधित आहे. यांत्रिक असूनही सपाट व सलग असलेले कळफलकच बाजारात अधिक असतात.

साध्या कळफलकात कळांखाली रबराची पातळ टोपणे असतात. टोपण दबून खालच्या पडद्याला टेकले म्हणजे अक्षर उमटते. त्यामुळे कळ बहुधा तळापर्यंत दाबावी लागते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्प्रिंग व स्वतंत्र खटका असतो. नेहमीच्या प्रकारात कळ एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरच्या सुमारासच उमटते. तळाला आपटण्याची गरज नसल्याने, सराव झाल्यावर बोटे हलक्या स्पर्शाने चालू शकतात. कळ खाली नेण्यास साधारणतः ४५ ते ६० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो.

या खटक्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कळ सरळ व गुळगुळीत खाली जाते. दुसऱ्यात मध्यावर बोटाला किंचित अडथळा जाणवतो आणि अक्षर उमटल्याचे कळते. तिसऱ्यात त्याबरोबर 'टक' असा आवाजही होतो. जेथे एकाच दालनात पाच-सहा जण बसतात, अथवा जेथे वर्ग चालू असतो, तेथे तिसरा प्रकार शेजाऱ्यांना त्रासदायक ठरतो. अशा ठिकाणी दुसरा प्रकार निवडणे शहाणपणाचे होय.

मराठी टंकलेखन आणि दोन हात

कळफलक नवा घेतला तर मराठी अक्षरांच्या जागा पुन्हा शिकाव्या लागतील काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते. तसे करावे लागत नाही. कोणत्या कळीवर कोणते अक्षर उमटावयाचे, हे संगणकातील व्यवस्था ठरविते. भारत सरकारच्या पुढाकाराने १९८६ च्या सुमारास सिद्ध झालेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेली इनस्क्रिप्ट ही रचना विभक्त कळफलकावरही जशीच्या तशी चालते. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार गोव्यात कोंकणीबरोबर मराठीचाही शासकीय कामी उपयोग होतो. देवनागरीतील या दोन्ही भाषांना ही एकच रचना पुरते.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला आहेत, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'पाटी' हा शब्द लिहिताना प उजव्या हाताने, काना डाव्या, ट उजव्या आणि वेलांटी पुन्हा डाव्या हाताने उमटते. दोन्ही हात असे आळीपाळीने चालत असल्याने ही रचना दोन भागांच्या कळफलकाला फार अनुरूप आहे. एक-दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवावयास हव्यात. 'व' हे अक्षर इंग्रजी बी या कळीवर आहे आणि ती कळ विभक्त कळफलकात सामान्यतः डाव्या भागात येते. ज्यांना ती उजव्या तर्जनीने दाबण्याची सवय आहे, ते पहिले काही दिवस अडखळतात. दुसरे असे की च, ट, ज, ड व य ही अक्षरे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. तेव्हा करंगळी ताणण्याऐवजी सबंध हात थोडा सरकवावा.

आधी मेज, मग कळफलक

साधा कळफलक काही शे रुपयांत मिळतो, यांत्रिक कळफलकास काही हजार रुपये पडतात, आणि विभक्त यांत्रिक कळफलक त्याहूनही महाग असतो. प्रत्येक पंचायतीने अथवा शाळेने तो लगेच विकत घ्यावा, असे मुळीच नाही. पुढील गोष्टींना खर्च जवळजवळ नाही, आणि त्या साधल्याखेरीज महागडा कळफलकही उपयोगी पडत नाही.

कळफलक कोपराच्या पातळीत किंवा किंचित खाली असावा. मेज उंच असल्यास खुर्ची वर घ्यावी आणि पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट ठेवावा. कळफलकाच्या मागील बाजूचे छोटे पाय दुमडून टाकावेत, म्हणजे पंजा वर वाकणार नाही. टंकलेखन चालू असताना मनगट मेजाच्या कडेवर रोवून ठेवू नये. माऊस कळफलकाच्या लगत असावा. कळा हळुवार दाबाव्यात. आणि अर्ध्या तासाने एकदा तरी हात उचलून, बोटे मोकळी करून, क्षणभर उठावे. जुन्या यंत्राची घंटी जी उसंत देत असे, ती आता प्रत्येकाने स्वतःच घ्यावयास हवी.

नवा कळफलक घेतल्यास पहिले दोन-तीन आठवडे गती मंदावते. या काळात रोज थोडा वेळ सराव करावा आणि निकडीचे काम जुन्या कळफलकावर उरकावे. बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे, हातातून वस्तू निसटणे अशी लक्षणे दिसू लागली, तर कळफलक बदलून वाट पाहत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना हात दाखवावा.

कार्यालयप्रमुख व मुख्याध्यापक यांच्याकडेही या कामी मोठी जबाबदारी आहे. कंत्राटी अथवा रोजंदारीवरील टंकलेखक हात दुखत असल्याचे सहसा बोलून दाखवीत नाही. कामचुकार ठरण्याची व काम जाण्याची धास्ती त्याला असते. वरिष्ठांनी आपण होऊन विचारपूस केली, मेजाची उंची एकदा पाहून घेतली आणि दिवसभर टंकलेखन करणाऱ्यासाठी योग्य कळफलकाची मागणी नोंदविली, तर ती चैनीची वस्तू ठरत नाही. शेतमजुराच्या हाती बोथट विळा देऊन कापणी लवकर उरकण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. कचेरीतील हातांनाही तोच न्याय लावावयास हवा.