जुना खेळ, नवे यंत्र आणि 'विकत घेणे'

'विकत घेणे' या क्रियापदाचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते. ती त्याने वापरावी, कोणास द्यावी अथवा पुन्हा विकावी. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र हा अर्थ डळमळीत झाला असून २०१३ मधील एका वादाने ही गोष्ट ठळकपणे पुढे आणली.

त्या वर्षी 'एक्सबॉक्स वन' आणि 'प्लेस्टेशन ४' हे दोन नवे कन्सोल बाजारात आले. ग्राहकांपुढे दोन प्रश्न होते : संग्रहातील जुने खेळ नव्या यंत्रावर चालतील काय, आणि खेळून झालेला खेळ दुसऱ्यास विकता येईल काय? हे प्रश्न बहुधा एकत्रच चर्चिले जातात. परंतु त्यांचे स्वरूप भिन्न आहे. पहिला प्रश्न यंत्राच्या सामर्थ्याचा, तर दुसरा निर्मात्याच्या अनुमतीचा होय.

खेळाची तबकडी हा एक लेख मानला, तर यंत्र हा त्याचा वाचक ठरतो. लेखातील आज्ञा ज्या जातीच्या प्रोसेसरसाठी रचलेल्या असतात, त्यालाच त्या थेट उमगतात. प्लेस्टेशन ३ मध्ये 'सेल' हा प्रोसेसर होता, एक्सबॉक्स ३६० मध्ये 'पॉवरपीसी' कुळातील. २०१३ च्या दोन्ही यंत्रांत 'एक्स८६' कुळातील प्रोसेसर आले. आज्ञांची भाषाच बदलली. मोडी वाचणारा न उरल्यास दप्तरातील कागद शाबूत असूनही मुका होतो, तशीच ही अवस्था. यावर उपाय दोन. जुना वाचक नव्या यंत्रात नांदवावा, हा पहिला; प्लेस्टेशन ३ च्या आरंभीच्या काही आवृत्त्यांत प्लेस्टेशन २ चे प्रोसेसर बसविलेले होते, ते पुढे काढून टाकण्यात आले. दुसरा उपाय दुभाष्याचा, म्हणजे जुन्या आज्ञांचे नव्या भाषेत रूपांतर करणाऱ्या एम्युलेटरचा.

अनुमतीचा प्रश्न निराळा. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या नियमांनुसार एक्सबॉक्स वनला दर २४ तासांतून एकदा इंटरनेटशी संपर्क साधणे आवश्यक होते. खेळाची पुनर्विक्री ठराविक दुकानांतूनच व तीही प्रकाशकाच्या संमतीने होणार होती; मित्रास खेळ द्यावयाचा तर एकदाच, आणि तो मित्र किमान ३० दिवस यादीत असला पाहिजे. येथे यंत्र वाचण्यास असमर्थ नव्हते. ते वाचण्यास नकार देणार होते. ग्राहकांचा रोष उसळला. तबकडीच्या पुनर्विक्रीवर आपण बंधन घालणार नाही, असे सोनीने १० जून रोजी जाहीर केले आणि १९ जून रोजी मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले.

या घटनेतून दोहोंतील भेद उघड होतो. नकार एका घोषणेने दूर झाला. असमर्थता दूर होण्यास नोव्हेंबर २०१५ उजाडला. त्या वेळी एक्सबॉक्स वनवर काही निवडक जुने खेळ एम्युलेटरच्या साहाय्याने चालू लागले. परंतु जुनी तबकडी घातली असता यंत्र तिच्यातील खेळ चालवीत नसे. ती केवळ मालकीची खूण ठरे व खेळाची नवी प्रत इंटरनेटवरून उतरवून घेतली जाई. शिवाय प्रकाशकाची संमती असलेलेच खेळ त्या यादीत येत. २०२१ मध्ये यादीची वाढ थांबली, तेव्हा तांत्रिक मर्यादांबरोबर परवान्यांच्या व कायद्याच्या अडचणीही कारण म्हणून सांगण्यात आल्या. सामर्थ्याचा प्रश्नही अखेर अनुमतीपाशीच येऊन ठेपला.

पुनर्विक्रीच्या हक्काला जुना आधार आहे. एका कादंबरीवर 'एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये' अशी सूचना छापलेली असताना एका दुकानाने ती ८९ सेंटला विकली; १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निर्णय दिला. प्रत एकदा विकली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. मात्र त्यासाठी हाती धरता येईल अशी प्रत हवी. २०१९ व २०२० पासून तबकडीविरहित कन्सोलही विकले जाऊ लागले. त्यांवरील खेळ हा परवाना असतो, आणि २०१३ मध्ये जे नियमाने साधले नाही ते येथे यंत्राच्या रचनेनेच साधते.

म्हणूनच १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात अमलात आलेला कायदा अर्थदृष्ट्या लक्षणीय आहे. केवळ परवाना दिला जात असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून विक्रेत्याने 'विकत घ्या' असा शब्दप्रयोग करू नये, असे त्याचे सार आहे. त्या कायद्याने ग्राहकाला वस्तूची मालकी मिळवून दिलेली नाही. शब्दाला त्याचा अर्थ तेवढा परत दिला आहे.