अष्टागराची आंबट माडी

बेल्जियममधल्या लॅम्बिक या आंबट बिअरमध्ये कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, मिसळून एक पेय काही वर्षांपूर्वी बाजारात आले. नावही दोघांचे जोडूनच ठेवले: लँब्रुचा. मद्यार्क बेताचा, चव आंबट आणि किंचित तुरट. आपल्याकडेही आंबट बिअरचे शौकीन वाढले आहेत. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ आणि कोकम घालून बिअर केली, तिचे बऱ्यापैकी कौतुक झाले. कोकणी माणसाने ती प्यायली तर नारळाचे दूध घालायचे तेवढे राहिले असे त्याला वाटेल, पण ते असो.

मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून अलिबागकडे जाणाऱ्या मंडळींच्या बर्फाच्या पेटीत हल्ली बिअरच्या डब्यांशेजारी कोंबुचाच्या बाटल्याही असतात. दीडशे-दोनशे रुपयांची बाटली, तिच्यावर ‘जिवंत जीवाणू’ असे अभिमानाने छापलेले. गाडी ज्या रस्त्याने जाते त्याच्या दोन्ही बाजूंना माडांच्या वाड्या आहेत. आवास-सासवण्यापासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या या किनारपट्टीला अष्टागर म्हणतात. आंबट बिअर आणि आंबट चहा यांत जे जे घडते ते या माडांच्या शेंड्यावर, मातीच्या मडक्यात, कोणी बाटलीत भरण्याच्या कितीतरी आधीपासून घडत आले आहे. तिथे त्याला माडी म्हणतात, आणि ती विकायला परवाना लागतो.

माडी काढण्याचे काम परंपरेने भंडाऱ्यांचे. नारळाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधीच ती दोरीने घट्ट आवळून बांधायची, काही दिवस हलक्या हाताने ठोकून नरम करायची आणि मग टोक कापून खाली मडके अडकवायचे. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून टोकाची पातळ चकती उडवायची, म्हणजे झरा सुकत नाही. एक दिवस चुकला तर जखम भरू लागते आणि रस आटतो. चांगला माड दिवसाला लिटर-दीड लिटर रस देतो. त्या पोयीला नारळ मात्र धरत नाहीत, म्हणून वाडीवाल्याला आधीच ठरवावे लागते: हा माड नारळाला ठेवायचा की माडीला द्यायचा.

पोयीतून निथळणारा रस गोड असतो, त्यात साखर बारा ते पंधरा टक्के. तो आंबट मुळीच नसतो. पण मडक्यात पडल्या क्षणापासून त्याचा प्रवास सुरू होतो. हवेतले, पोयीवरचे, मधमाश्या-मुंग्यांच्या पायांवरचे आणि मुख्य म्हणजे मडक्याच्या मातीत मुरलेले सूक्ष्मजीव कामाला लागतात. आधी लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू रस आंबट करतात. त्याच सुमारास यीस्ट साखरेचा मद्यार्क करू लागते आणि फेस धरतो. दिवस संपेपर्यंत मद्यार्क चार ते सहा टक्क्यांवर पोचतो, म्हणजे साधारण बिअरइतका. मग ॲसेटिक आम्ल करणाऱ्या जीवाणूंची पाळी. ते मद्यार्काचा शिर्का करतात. पहाटेचा रस, दुपारची माडी आणि परवाची माडी ही तीन वेगवेगळी पेये आहेत, आणि चौथे तर पेयच नाही, ते लोणच्यात घालायचे.

कोंबुचातही अशीच संगत असते: यीस्ट, आम्ल करणारे जीवाणू आणि त्यांना लागणारी साखर. चहावर जी चामड्यासारखी जाड साय जमते ती ज्या जीवाणूचे काम, तोच जीवाणू नारळाच्या पाण्यात वाढवून फिलिपिन्समध्ये नाटा दे कोको नावाचा चिवट, पांढरा गोड पदार्थ करतात. म्हणजे कोंबुचाचा नारळाशी संबंध लावायला फार दूर जावे लागत नाही.

बेल्जियमकडे वळायचे कारण एवढेच की तिथल्या लोकांनी आंबटपणाची शिस्त लावली. ब्रुसेल्समधली कँतिलाँ ही बिअरशाळा 1900 मध्ये सुरू झाली. तिच्या छपराखाली एक उथळ, रुंद तांब्याची कढई आहे. उकळलेला धान्यरस तिच्यात रात्रभर उघडा ठेवतात. थंड हवेत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, रस निवताना हवेतले जंतू त्यात उतरतात आणि पुढची एक, दोन, तीन वर्षे लाकडी पिंपांत त्याला आंबू देतात. मग जुनी आणि नवी लॅम्बिक मिसळून बाटलीत भरतात. त्या मिश्रणाला ग्यूझ म्हणतात. तिथल्या चवीला जे खास वळण देते ते ब्रेटानोमायसीस नावाचे यीस्ट. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या येल्टे क्लाउसेन यांनी ते 1904 मध्ये इंग्लिश बिअरमध्ये ओळखून त्याचे नाव ठेवले. हेच यीस्ट कोंबुचातही सापडते. लॅम्बिक आणि कोंबुचा एका बाटलीत नांदू शकतात याचे आश्चर्य वाटू नये. ते आधीपासूनच नातेवाईक आहेत.

माडीवाल्याला जुन्या-नव्याचे मिश्रण वेगळे करावे लागत नाही. मडक्यात कालचे काही शिल्लक असतेच. विसळले तरी मातीच्या छिद्रांत कालचे जंतू राहतात, आणि त्यांच्यामुळेच आजचा रस झपाट्याने चढतो. नवे मडके लावले की पहिले काही दिवस माडी संथ असते. ब्रुसेल्सच्या पिंपाचे लाकूड जे करते ते इथे कुंभाराची माती करते. फरक वेळेचा आहे. तिथे तीन वर्षे, इथे तीन प्रहर.

हा वेळेचा फरकच पुढच्या सगळ्या भानगडींचे मूळ ठरला.

1878 मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. दारूवरचे उत्पन्न वाढवायचे, आणि त्यासाठी गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गाळायची, असे ते धोरण होते. त्याची आखणी चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने केली. मोहाच्या दारूच्या बाबतीत हे जमण्यासारखे होते. ती पिंपात भरता येते, मोजता येते, तिची तीव्रता तपासता येते, गॅलनमागे कर घेता येतो. मुंबई बंदरासमोरचे उरण मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते. तिथल्या भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी आणि मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबई.

माडीच्या बाबतीत असे काही जमेना. ती कोठारात ठेवली तर संध्याकाळी वेगळी, सकाळी आणखी वेगळी. मोजायची कधी आणि कोणत्या टप्प्याला? सरकारने तोड काढली ती साधी होती: रस सोडून झाडावरच कर लावायचा. ज्या माडाला मडके लागेल त्याचा कर आधी भरायचा, मग तो माड लिटरभर देवो की पावशेर. या कायद्याने ताडीची व्याख्याही अशी केली की माड, ताड, शिंदी अशा कोणत्याही झाडाचा रस, आंबलेला असो वा नसो, तिच्यात बसावा. पहाटेचा गोड रस आणि रात्रीची चढलेली माडी दोन्ही एकाच कलमात आली. करांचे दर पुढे चढत गेले. माडीची दारू मोहाच्या दारूपेक्षा स्वस्त पडू नये हा त्यामागचा हिशेब. भंडाऱ्यांनी अर्ज केले, माडांवर चढणे थांबवले, पण फारसे काही निघाले नाही.

अबकारीविरुद्ध ओरड मात्र दूरवर गेली. 1889 मध्ये खासदार सॅम्युअल स्मिथ यांनी ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानच्या अबकारी धोरणाविरुद्ध ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. तिकडचा युक्तिवाद दारूबंदीवाद्यांचा होता: सरकार उत्पन्नासाठी लोकांना दारू पाजते आहे. इकडचा भंडारी वेगळेच म्हणत होता. त्याची तक्रार होती की त्याची हलकी, त्याच दिवशी पिऊन संपणारी माडी महाग करून ठेकेदाराची कडक दारू दारात आणून ठेवली. माझ्या मते त्या काळातला खरा मुद्दा भंडाऱ्याचाच होता, आणि तोच सर्वांत कमी ऐकला गेला.

मोहाचेही धड राहिले नाही. चोरून दारू गाळली जाते म्हणून 1892 मध्ये मुंबई सरकारने मोहाचा कायदाच केला आणि ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आणले. कातकरी आणि ठाकर ही फुले खात. वाळवून ठेवलेले मोह म्हणजे टंचाईच्या महिन्यांची बेगमी. जो कुलाबा जिल्हा 1981 मध्ये रायगड झाला त्याच्या डोंगरात अन्नावर आणि किनाऱ्यावर झाडावर असा दोन्हीकडून अबकारीचा हात पोचला होता. मोहफुलांवरचे निर्बंध उठायला मात्र 2021 साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर पारडे उलट्या बाजूला गेले. मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर बंदी लागू झाली. या कायद्याने नीरेला ताडीपासून वेगळे केले. आंबलेली ती ताडी, न आंबलेली ती नीरा. गांधीजींना ताडगूळ आणि नीरा यांचे आकर्षण होते. झाडावर चढणाऱ्याचा रोजगारही टिकेल आणि दारूही जाईल असा त्यांचा विचार. नीरा टिकवायची तर मडक्याला आतून चुना फासायचा, रात्रीच्या गारव्यात काढायची, थंड ठेवायची, उन्हे चढण्याआधी विकायची. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नीरेचे स्टॉल याच चळवळीतून उभे राहिले.

कल्पना चांगली होती, पण रसाला ती मान्य नव्हती. नीरा आणि माडी यांच्यात भिंत नाही, उतार आहे. चुना थोडा कमी पडला, सूर्य थोडा आधी चढला, तर परवानाधारक नीरावाला न कळत गुन्हेगार ठरू शकतो. हाच पेच अमेरिकेत कोंबुचावाल्यांना पडला. तिथे अर्ध्या टक्क्याच्या वर मद्यार्क गेला की पेय मद्य ठरते. 2010 मध्ये होल फूड्स या दुकानांच्या साखळीने कोंबुचाच्या बाटल्या फळ्यांवरून उतरवल्या, कारण बंद बाटलीत जंतूंचे काम चालूच होते आणि काही बाटल्यांनी ती रेघ ओलांडली होती. पुढे मोठ्या उत्पादकांनी गाळणी लावली, मद्यार्क काढून टाकणारी यंत्रे आणली. भंडाऱ्याच्या हातात होता तो चुना.

साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले, ‘ताडी-माडी केंद्र’ अशा पाट्या लागल्या. या पाट्यांबद्दल थोडे कडूच बोलायला हवे. राज्यात कित्येक ठिकाणी जवळपास मडके लावलेला एक माड किंवा ताड नसताना केंद्रे चालतात. तिथे जे मिळते त्यात क्लोरल हायड्रेट, सॅकरिन आणि पांढरेपणा आणणारे काहीबाही असल्याचे छाप्यांमधून वारंवार उघड झाले आहे. क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध. ते घेणाऱ्याला गुंगी येते, सवय लागते, प्रमाण चुकले तर जीव जातो. माडीचे नाव गरिबांच्या वस्तीत खराब झाले ते या मिश्रणामुळे. झाडाच्या माडीचा त्यात दोष इतकाच की ती पुरेशी निघत नाही.

निघत का नाही, याची कारणे वाडीत दिसतात. चढणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्या मुलाला ते काम नको आहे, यात त्या मुलाचे काही चुकत नाही. पावसाळ्यात ओल्या खोडावर दिवसातून दोनदा चढणे, पडलो तर कंबर मोडणे आणि विमा नसणे हे सांस्कृतिक वारसा म्हणून मिरवणे सोपे आहे, जगणे नाही. दुसरे, जमीन. मुंबईकरांच्या बंगल्यांना वाड्या विकल्या गेल्या. माड शोभेला राहिले, पोयीला कोणी हात लावत नाही. तिसरे, 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यात माड-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. उंच जातीचा माड फळाला यायला सहा-सात वर्षे घेतो. त्या वादळानंतर लावलेली रोपे आता कुठे पोय धरण्याच्या वयाला येत आहेत.

शेजारच्या गोव्याची गोष्ट वेगळी आहे. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये राज्याने फेणीला वारसा पेय ठरवले. तिथे माडाची सूर, म्हणजे माडीच, शिर्क्यासाठीही निघते, पावासाठीही. पूर्वी पाव फुगवायला सूरच वापरत, आणि इडलीसारख्या सान्नांचे पीठ अजूनही काही घरांत तिनेच आंबते. मुंबई-वसईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती फुगे या तळलेल्या पावाच्या पिठातही माडी घालत आले आहेत. या वाटा रायगडला बंद नाहीत. शिर्का हा तर माडीच्या शेवटच्या टप्प्याचा माल, त्याला नासण्याची भीती नाही, तो बाटलीत वर्षभर टिकतो आणि त्यावर दारूचा शिक्काही नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याने 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. कांदा आणि माडीचा शिर्का एका बरणीत घातला तर अष्टागराचे लोणचे होईल, त्यासाठी बेल्जियमहून कोणाला बोलवायला नको.

माडीचेही तसेच. पुण्या-मुंबईच्या बिअरवाल्यांनी कोकम उचलले, मध उचलला. आंबवण्यासाठी अष्टागरातल्या माडाचा ताजा रस घेऊन आंबट बिअर करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे तो रस माडावरून पिंपापर्यंत कायदेशीर मार्गाने नेणे. राज्य उत्पादन शुल्क विभागाने चढणाऱ्याच्या नावाने, त्याच्या मोजक्या माडांसाठी, कमी शुल्काचा आणि अपघात विम्यासह परवाना काढावा. केंद्राच्या पाटीखालच्या परवान्यापेक्षा तो तपासायला सोपा आहे, कारण माड जागेवरून हलत नाही. 1878 च्या साहेबांनाही तेवढे कळले होते.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे: अलिबाग-मुरुडकडे गेलात आणि माडी प्यायची इच्छा झालीच, तर आधी विचारा की ती कोणत्या वाडीतून आली. मडके लावलेला माड दाखवता येत नसेल, तर ती पिऊ नका.